नादारी, ईबीसी आणि फॉर्मचे पैसे

मेळाव्याच्या तयारीची पहिली बैठक चित्रकलेच्या वर्गात झाली, तेव्हा आलेल्यांना आठवत असेल. जमलेल्या निधीचे काय करायचे हा विषय निघाला आणि पाच मिनिटांत बहुमताने ठरले की, बारावीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी रोख बक्षीस द्यायचे. मी एकटा विरोधात बोललो. आवाज चढला, चहा गार झाला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुझं म्हणणं स्मरणिकेत लिही, मग बघू." म्हणून हा लेख. इतिहास थोडा लांबून सुरू करतो. शेवटी आपल्या निधीवरच येणार आहे.

आपल्याआधीच्या पिढीत शाळेची फी माफ होण्याला 'नादारी' म्हणत. शब्द फारसीतला. नादार म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. कोर्टकचेरीत दिवाळे निघालेल्यालाही नादारच म्हणायचे. म्हणजे दहा वर्षांचे पोर आणि बुडालेला सावकार यांना एकच शब्द. नादारी दोन प्रकारची असे, पूर्ण आणि अर्धी. ती द्यायची की नाही हे मुख्याध्यापक किंवा संस्थेचे चालक ठरवत. त्यासाठी अर्ज लागे आणि अर्जाची भाषा ठरलेली असे. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची आहे, वडील मोलमजुरी करतात, तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन नादारी मंजूर करावी, आणि खाली आपला आज्ञाधारक विद्यार्थी. माझ्या थोरल्या चुलत्यांना हा मजकूर म्हातारपणीही तोंडपाठ होता. गणिताची सूत्रे विसरले, हा विसरले नाहीत.

नादारी हा हक्क नव्हता. देणाऱ्याची मर्जी होती. वार्षिक परीक्षेत नापास झाला की गेली. वर्तणूक बरी नाही असे कोणी सांगितले की गेली. चुलते सांगायचे, वर्गात मास्तर फी गोळा करताना "नादारीवाले उभे राहा" म्हणायचे, म्हणजे नावे वगळायला सोपे. मास्तरांच्या मनात वाईट काही नसायचे. पण दर महिन्याला पाच-सहा मुले उभी राहायची आणि बाकीचे बसून बघायचे.

फी सुटली तरी जेवणाचे काय? शहरात शिकायला गेलेल्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी माधुकरी होती, वार लावून जेवण होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. या वारांवर पुण्यात कितीतरी माणसे शिकली आणि मोठी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट आपल्याला शाळेत सांगितली होती. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा गोपाळाला पाठवले. ती गोष्ट खरी आणि मोठीच आहे. पण शाळेत ती ऐकताना एक प्रश्न मला कधी पडला नाही, तो फार उशिरा पडला. वार लावायला आधी आपल्या जातीची घरे त्या गावात असावी लागतात. ज्याला कोणी ओसरीवर घेणार नाही, त्याने मंगळवारी जेवायचे कुठे?

हा प्रश्न ज्यांना वेळेवर पडला, त्यांच्यापासून आपल्या भागातल्या फीमाफीचा खरा इतिहास सुरू होतो. १८८२ साली हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करत होता, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिले. सरकारी तिजोरीत पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा बहुतेकांना माहीत असतो. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दलही एक मुद्दा आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांचे म्हणणे असे की, शिष्यवृत्ती स्पर्धेने देण्याची पद्धत वरवर न्यायाची दिसते, पण तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही, त्यांच्यासाठी ती राखून ठेवली पाहिजे. चित्रकलेच्या वर्गात मी जे अडखळत बोललो, ते त्यांनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी नीट मांडून ठेवले होते. मला तेव्हा ते आठवले नाही, ही गोष्ट वेगळी.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी यावर दोन बाजूंनी काम केले. एका बाजूने वसतिगृहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. दुसऱ्या बाजूने १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. वार मागण्यापेक्षा बोर्डिंग बरे, कारण तिथे ताट आपल्या हक्काचे असते आणि शेजारच्याचेही तसेच असते. नाशिकला १९१४ साली उदोजी मराठा बोर्डिंग निघाले, तेही याच वाटेचे.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मदत आणखी वेगळ्या जातीची होती. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळाले. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. इथे मला नेहमी केळुसकर गुरुजी महत्त्वाचे वाटतात. देणारे महाराज होते हे खरे, पण कोणीतरी हा मुलगा पाहिला, त्याला अर्ज करायला लावले आणि बरोबर जाऊन उभा राहिला. त्या मधल्या माणसावाचून ते पंचवीस रुपये बडोद्यातच राहिले असते.

असा मधला माणूस प्रत्येकाला भेटत नाही, हे बाबासाहेबांना स्वतःच्या अनुभवाने माहीत असणार. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा म्हणून निवेदन दिले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजच्या ऑफिसात आम्ही तिला जीओआय म्हणायचो. मी नोकरीला लागलो तेव्हा जीओआयचे रजिस्टर सगळ्यात जाड होते. आमच्यातलेच काही जण त्या रजिस्टरवर बोट ठेवून नको ते बोलायचे, आणि आपली मुले ईबीसीत शिकतात हे सोयीने विसरायचे.

साताऱ्याबद्दल वेगळे लिहायची गरज नाही, आपण सगळे त्याच मातीतले. तरी एवढे सांगतो. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत, स्वयंपाकाला आणि शेतात कामाला एकत्र. बोर्डिंगातला शिधा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कर्मवीरांनी फीमाफीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर इतरांपेक्षा निराळे होते. अर्ज नको, विनंती नको. काम कर आणि शीक. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले ते मोफत आणि निवासी म्हणूनच. त्या पोरांच्या हाताला घट्टे पडले, पण मान खाली घालून कोणापुढे उभे राहावे लागले नाही. कर्मवीर १९५९ च्या मे महिन्यात गेले.

त्याच १९५९ साली ईबीसी आली. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. आपल्याकडे या सवलतीचे श्रेय कोणी यशवंतरावांना देतात, कोणी बाळासाहेब देसाईंना. कराडला जा, यशवंतराव ऐकाल. पाटणला जा, बाळासाहेब. मला त्या वादात पडायचे नाही, दोघेही आपलेच. सवलत अशी की, ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांची फी सरकार भरणार. जात कोणतीही असो. बाराशे म्हणजे महिना शंभर. त्या वेळी खेड्यातली बहुतेक घरे यात बसत होती.

नादारी आणि ईबीसी यांत एक फरक होता आणि मला तो फार मोठा वाटतो. नादारीत माणूस माणसाकडे मागत होता. ईबीसीत कागद होता. उत्पन्नाचा दाखला जोडला, हजेरी भरली, पास झालास, की कोणाची मर्जी असो-नसो, फी माफ. मुख्याध्यापकांना दया येण्याची गरज उरली नाही. आपल्या वर्गातल्या किती जणांची फी ईबीसीने भरली हे मी आज सांगणार नाही, ज्याचे त्याला माहीत आहे. माझी भरली. पन्नास वर्षांत मी हे कोणाला सांगितले नव्हते. दोस्तमंडळींत बसलो की वडिलांचे पाच एकर सांगायचो. त्या पाच एकरांत कुसळांशिवाय काही येत नव्हते ते नाही सांगितले.

आता दाखल्याबद्दल. आपण १९७३ च्या मार्चमध्ये अकरावीला एस.एस.सी. बोर्डाच्या परीक्षेला बसलो. माणदेशात तो दुष्काळ कसा होता हे मी तुम्हाला काय सांगायचे. माझे वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. सुकडी घरी यायची. अशा वेळी कॉलेजसाठी उत्पन्नाचा नवा दाखला पाहिजे होता. तलाठी भाऊसाहेब चांगले गृहस्थ, पण त्यांच्यापुढे सातबारा होता आणि सातबाऱ्यावर पाच एकर होते. पावसाचा रकाना सातबाऱ्यात नसतो. वडील तीनदा गेले. एकदा भाऊसाहेब फिरतीवर, एकदा शिक्का तालुक्याला, तिसऱ्यांदा मिळाला. मग तहसील कचेरीत सही, कोर्ट फीचा स्टॅम्प, आणि दोन दिवसांची खडी बुडाली.

ज्यांची जमीन नाही आणि पगार आहे, त्यांची तऱ्हा उलटी. शिपायाचा पगार कागदावर असतो, तो लपत नाही. महागाई भत्ता दोन रुपयांनी वाढला आणि बाराशेच्या वर गेले म्हणून एका पोराची सवलत गेल्याचे मी पाहिले आहे. पेठेत दोन दुकाने असणाऱ्याचा दाखला मात्र साडेअकराशेचा. तो कसा, हे त्या दुकानदाराला ठाऊक आणि देवाला. मर्यादा वेळोवेळी वाढत गेली, पण महागाई पुढे आणि मर्यादा मागे अशीच चाल राहिली. ती एक लाखावर येऊन बरीच वर्षे अडली. २०१६ साली ती सहा लाख झाली, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले, आणि नंतर आठ लाख. १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजे निघाली, तेव्हापासून 'फी माफ' या शब्दांचा अर्थही बदलला. खुल्या वर्गातल्या मुलाला अशा कॉलेजात निम्मीच फी माफ होते, आणि ती उरलेली निम्मीच आपल्या काळच्या एका घराच्या किमतीची असते. २०२४ च्या जुलैत आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. हा निर्णय मला मनापासून चांगला वाटतो. फार आधी झाला असता तर पुढे जी गोष्ट सांगणार आहे ती कदाचित वेगळी झाली असती.

पण त्याआधी फॉर्मचे पैसे.

फीमाफी कितीही चांगली असली, तरी ती प्रवेश मिळाल्यावर सुरू होते. प्रवेशाच्या आधीचा खर्च तिच्यात कधीच नव्हता. माहितीपुस्तक आणि फॉर्म विकत घ्यायचा. फोटो काढायचा. मार्कलिस्टच्या खऱ्या नकला करून घ्यायच्या. तालुक्याला एस.टी.ने जायचे. नाव लागले की लायब्ररीचे डिपॉझिट आणि जिमखाना रोख भरायचा. शिकवणीची फी सरकार भरेल, पण ही किरकोळ रक्कम तुमची. आणि गरीब घर नेमके किरकोळ रकमेला अडते, हे मी पुढे सदतीस वर्षे कॉलेजच्या खिडकीमागे बसून पाहिले. हजार रुपये लागणार असतील तर माणूस कर्ज काढतो, गाय विकतो, पाहुण्यांकडे जातो. तीस रुपयांसाठी कोणी गाय विकत नाही. तीस रुपयांसाठी पोराला सांगतात, पुढच्या वर्षी बघू.

आपल्या वर्गात असे दोघे होते, ज्यांचे 'पुढच्या वर्षी' कधी आले नाही. त्यांतला एक आपल्या सगळ्यांपेक्षा गणितात हुशार होता. नाव लिहीत नाही, तो मेळाव्याला येणार आहे आणि त्याचे ट्रॅक्टरचे गॅरेज उत्तम चालते. त्याला माझी कीव नको असेल. पण त्या जूनमध्ये त्याच्याकडे ईबीसीचा दाखला होता आणि फॉर्म नव्हता, हे मला पक्के माहीत आहे, कारण तालुक्याला आम्ही एकाच गाडीने गेलो होतो.

माझ्या फॉर्मचे आणि डिपॉझिटचे सव्वीस रुपये आपल्या एका सरांनी भरले. त्यांचे नाव लिहायला त्यांनी हयातीत मनाई केली होती, ती मी पाळतो. आपल्यातले निम्मे तरी ओळखतील. त्यांनी मला घरी बोलावले नाही, विचारपूस केली नाही. मैदानावर गाठून एवढेच म्हणाले, "फॉर्म आणलास का? नाही? मग हे घे, उद्या आण." नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी सव्वीस रुपये पाकिटात घालून गेलो. मला वाटले, सर म्हणतील, राहू दे बाळ. तसे काही झाले नाही. त्यांनी पैसे घेतले, मोजले, खिशातून एक बारकी वही काढली, त्यात एका नावावर रेघ मारली आणि म्हणाले, "बरं झालं आणलेस, सोमवारी एकाला द्यायचेत." वहीत तेव्हा रेघ न मारलेली सात-आठ नावे होती. ती मी वाचू नयेत म्हणून त्यांनी वही लगेच मिटली.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, पण निधीबद्दल मत द्यायचे तर ती सांगितल्याशिवाय देता येणार नाही.

साल १९८८-८९. मी सवलतींच्या टेबलावर होतो. ईबीसी, जीओआय, प्राथमिक शिक्षकांच्या मुलांची पीटीसी, माध्यमिकची एसटीसी, सगळे माझ्याकडे. फॉर्म पाठवायची तारीख जवळ आली की ज्यांचे कागद अपुरे, त्यांची यादी नोटीस बोर्डावर लागायची. पद्धतच तशी होती, माझ्याआधीच्याने घातलेली. यादीत पूर्ण नाव, वर्ग, आणि शेरा: उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्डाची नक्कल नाही, वडिलांच्या मृत्यूचा दाखला नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहायचो आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या नावापुढे मी लिहिले: वडिलांनी घर सोडल्याबाबत प्रतिज्ञापत्र नाही. ऑफिसच्या दृष्टीने तो एक अपुरा कागद. बोर्ड जिन्यापाशी होता, अख्खे कॉलेज तिथून जायचे. ती मुलगी त्या दिवसानंतर कॉलेजला आली नाही. महिनाभराने तिची आई ट्रान्सफर सर्टिफिकेट न्यायला आली. मी कारण विचारले तर म्हणाली, "तुम्हीच तर लावलंय भिंतीवर." माझ्या खिडकीतून बोर्ड दिसत होता. यादी अजून तिथेच होती.

त्या वर्षापासून मी यादी फक्त रोल नंबरची लावली आणि शेरे काढून टाकले. तेवढाच बदल माझ्या हातात होता. ऑफिसात त्यावर वाद झाला, रोल नंबर पोरांना आठवत नाहीत म्हणून. आठवतात. नादारीवाल्यांना उभे करणारे मास्तर मला वाईट वाटायचे, आणि तेच काम मी बसल्या जागी सुवाच्य अक्षरात करत होतो.

हल्ली सगळे ऑनलाइन झाले. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, पैसे आधारशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. भिंतीवर कोणाचे नाव लागत नाही, ही मोठी सोय. पण सर्व्हर बंद, ओटीपी येत नाही, दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव एका वेलांटीने जुळत नाही, असे नवे तलाठी तयार झाले आहेत. आणि फॉर्मचे पैसे आहेतच, उलट वाढले आहेत. पूर्वी एक कॉलेज, एक फॉर्म. आता सीईटीचा फॉर्म, नीटचा फॉर्म, प्रवेश फेरीची नोंदणी, शिवाय सायबर कॅफेवाल्याचे प्रत्येक वेळचे पैसे. यूपीएससीच्या अर्जाला महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना फी नाही. बऱ्याच प्रवेश परीक्षांत राखीव प्रवर्गांना थोडी कमी असते. पण घरात या महिन्यात पैसे नाहीत म्हणून फॉर्मची फी माफ करा, असे मागायला सहसा रकानाच नसतो.

आपल्या वर्गातल्या एकाची नात अमेरिकेत बारावीला आहे. तो सांगत होता, तिकडे एकाच सामायिक अर्जावर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करता येतो आणि प्रत्येक कॉलेजची फी वेगळी. मात्र पैशाची अडचण असेल तर अर्जातच तसे लिहायची सोय आहे. विद्यार्थी स्वतः सही करून सांगतो आणि शाळेतला समुपदेशक त्याला दुजोरा देतो. मला आधी खरे वाटेना. तहसीलदार नाही? स्टॅम्प नाही? तो हसला. तिकडचे बाकीचे शिक्षण किती महाग आहे हे त्याने पुढे सांगितलेच, तेव्हा तिकडचे सगळे चांगले असे मी म्हणत नाही. पण शाळेतल्या माणसाच्या शब्दावर फॉर्मची फी माफ होते ही एक गोष्ट मी मनात ठेवली. मैदानावर मला गाठणारे सर वेगळे काय करत होते?

तर माझा प्रस्ताव असा. पहिल्या आलेल्याला बक्षीस द्यायला माझा विरोध नाही, त्याला पेढे आणि पुस्तक देऊ, सत्कारही करू. पण पहिला आलेला मुलगा कसाही कॉलेजात जातोच. त्याला सगळेच देतात, क्लासवाले तर फ्लेक्ससुद्धा लावतात. निधीतला पैसा अकरावी-बारावीच्या फॉर्मच्या मोसमात शाळेच्या ताब्यात असावा. कोणाला द्यायचे हे वर्गशिक्षकांनी ठरवावे. दाखला मागू नये, अर्ज लिहून घेऊ नये, मार्क पाहू नयेत. मेळाव्यात धनादेश देताना फोटो काढू नये. एका बारक्या वहीत नाव आणि रक्कम लिहावी आणि ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी. कार्यकारिणीने वर्षाला फक्त एकूण रक्कम तपासावी. नोकरी लागल्यावर ज्याला परत द्यावेसे वाटेल त्याने द्यावे, आणि आणून दिले तर घ्यावे. "राहू दे बाळ" म्हणू नये.

यात गैरवापर होईल, असे कोषाध्यक्षांनी बैठकीत सांगितले. होईल. बाराशेच्या दाखल्यातही झाला होता. रक्कम एका मुलामागे किती असावी यावर मात्र माझे ठाम मत नाही. यंदाच्या फॉर्मांचा हिशोब करून मुख्याध्यापकांनी आकडा सांगावा.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा आहे, त्यात हा विषय चौथ्या क्रमांकावर घेतला आहे. चौथ्या क्रमांकापर्यंत निम्मे लोक नाश्त्याला उठतात, हा आजवरचा अनुभव. तेवढा वेळ कृपया बसा. गॅरेजवाल्याला मी आधीच सांगून ठेवले आहे, तो बसणार आहे. मत कोणाच्या बाजूने देणार ते मात्र त्याने मला सांगितलेले नाही.